आपत्काळासाठी घरात पिण्याचं पाणी किती साठवावं आणि ते किती दिवस टिकतं?

माणशी रोजचे ४ लिटर धरून किमान ३ दिवसांचं पाणी ठेवा, म्हणजे चौघांच्या घराला ४८ लिटर. घरी भरलेलं पाणी दर ६ महिन्यांनी बदला. रेडक्रॉसचा हिशेब माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास आहे. त्यातलं साधारण निम्मं पिण्यात जातं, बाकीचं स्वयंपाकाला आणि हात-तोंड धुवायला. कडक उन्हाळा असेल, घरात आजारी माणूस किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर जास्तच लागतं, तिथे कृपा करून काटकसर करू नका. गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावरही राहू नका: वीज गेली की पंप बंद, आणि टाकी एकदा रिकामी झाली की झाली.

भांडं खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचंच, घट्ट झाकणाचं घ्या. दुधाचे जुने कॅन नकोत, कितीही घासले तरी अंश राहतो आणि जंतू वाढतात. वर भरल्याची तारीख लिहा, सावलीत ठेवा.

साठा संपलाच तर पाणी खळखळून १ मिनिट उकळा (२००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं). मात्र उकळल्याने फक्त जंतू मरतात. पुराच्या पाण्यात इंधन किंवा कीटकनाशक मिसळल्याची शंका असेल तर ते उकळूनही पिऊ नका.