रोज बायबल वाचतो, मग ईश्वरविज्ञान वेगळं कशाला शिकायचं?

तुम्ही विचारलंय की, रोज वचन वाचणाऱ्या आणि प्रार्थना करणाऱ्या साध्या विश्वासणाऱ्याला पद्धतशीर ईश्वरविज्ञानाचा उपयोग काय? ते पाळकांनी आणि सेमिनरीतल्या मंडळींनी शिकलं म्हणजे झालं ना? माझ्या मते त्याची गरज पाळकांइतकीच तुम्हालाही आहे.

एखाद्या विषयावर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पवित्र शास्त्र काय काय सांगतं, ते सगळं एकत्र मांडून पाहायचं, याला पद्धतशीर ईश्वरविज्ञान म्हणतात. देव, मनुष्य, पाप, ख्रिस्त, तारण, पवित्र आत्मा, मंडळी, शेवटचा काळ हे त्याचे ठरलेले विषय. व्याख्या एवढीच. पण घरात दुखणं आलं की ते किती लागतं, ते बघा.

माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. प्रार्थनेला आलेलं कुणीतरी यशया 53:5 काढतं, ‘त्याच्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालंय, तुम्ही फक्त विश्वास धरा’ म्हणतं. दुखणं हटत नाही. मग हळूच कानावर येतं की विश्वास कमी पडला. आधीच खचलेल्या माणसावर आता अपराधाचं ओझंही येतं. हे मी फार जवळून पाहिलंय आणि त्याची मला आजही चीड येते.

आता त्याच विषयावरची बाकीची वचनं शेजारी ठेवा. मत्तय 8:17 मध्ये यशयाच्या याच अध्यायाचा संबंध, येशूने आजाऱ्यांना बरं केलं त्याच्याशी जोडलाय, तेव्हा देव शरीर बरं करतो हे नाकारायचं कारणच नाही. 1 पेत्र 2:24 मध्ये मात्र तेच फटके पापाच्या संदर्भात येतात. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. त्याने आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेतच मिलेतात ठेवलं (2 तीमथ्य 4:20), आणि तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. या दोघांचा विश्वास कमी पडला, असं पौल कुठेही म्हणत नाही. आणि रोमकरांस 8:23 सांगतं की आपल्या शरीराच्या मुक्तीची आपण अजून वाट पाहतोय. इतकं समोर आलं की आजाऱ्याशेजारी बसून काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, हे कळतं.

‘मला फक्त बायबल पुरे’ यामागची भावना मला समजते. पण चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाळकही बायबलच उघडून बोलत होता. पिता माझ्याहून थोर आहे, हे येशूचंच वचन (योहान 14:28) त्याच्या बाजूचे लोक पुढे करायचे आणि पुत्र निर्माण केलेला आहे असं शिकवायचे. इ.स. 325 मध्ये निकियाच्या परिषदेत मंडळीला ठरवावं लागलं की योहानाच्या ‘शब्द देव होता’ या पहिल्याच वचनासह सगळं शास्त्र धरलं तर पुत्राविषयी काय कबूल करावं लागतं. नायसीन मतांगीकाराची, म्हणजे विश्वासाच्या थोडक्यात मांडलेल्या कबुलीची, सुरुवात तिथे झाली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर त्या तिथल्या सिस्टरांशी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींशी, पत्रांतून खडाजंगी वाद घालत राहिल्या. चर्च म्हणतं म्हणून मी मानणार नाही, शास्त्रातून दाखवा, हा त्यांचा हट्ट. पुढे याच बाईंनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. असे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं जिथे शिकवलं जातं तिथे रमाबाई जरूर आठवाव्यात.

एक धोका मात्र खरा आहे. मांडणी पक्की झाली की तिच्यात न बसणारं वचन आपण वाकवायला लागतो. म्हणून रोमकरांस 4 आणि याकोब 2 एका बैठकीत वाचा. दोघेही अब्राहामाचं आणि उत्पत्ती 15:6 चं नाव घेतात. पौल म्हणतो कर्मांवाचून विश्वासाने, याकोब म्हणतो केवळ विश्वासाने नाही. घाईने एकाला गप्प करू नका. विश्वास या शब्दाने प्रत्येक जण काय म्हणतोय, ते आधी शोधा.

सुरुवातीला जाड पुस्तक नको. उपासनेत आपण म्हणतो तो प्रेषितांचा मतांगीकार घ्या, त्यातलं एकेक वाक्य वहीत लिहा आणि त्याखाली वचनं जमवत जा. त्या वाक्याला अडचणीचं वाटणारं वचनही त्याच पानावर लिहा आणि ते घेऊन पाळकांकडे जा.