एलईडी हेडलाइट बसवल्यापासून बॅटरी उतरते, लाइट फडफडतो, एफएम खरखरतो. अल्टरनेटर गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅलोजन काढून बाहेरून एलईडी बल्ब आणि त्यासोबतचं रिलेचं (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरिंग किट बसवून घेतलं. तेव्हापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. डावा इंडिकेटर दिला की डावाच हेडलाइट फडफडतो. लाइट लावला की एफएमवर खरखर येते. आणि गॅरेजवाला म्हणतोय, बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) दोन्ही बदला. गाडी खारघरला, सोसायटीत उघड्यावर उभी असते, असंही तुम्ही लिहिलंय.

दोन्ही बदलू नका, निदान आत्ता तरी. मी ठाण्यात वागळे इस्टेटला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि पाऊस सुरू झाला की अशा गाड्या येतातच. तिन्ही तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या, तर त्या दिवशी गाडीत जे नवं आलं तिथूनच शोध सुरू करायचा. बिघडायला अल्टरनेटरला नेमका अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे गेल्याचाच मुहूर्त कशाला सापडेल?

जुने हॅलोजन बल्ब टाकून दिले नसतील तर शोधून काढा. किटच्या वायरीवर बॅटरीजवळ एक फ्यूज असतो, तो काढून ठेवा. कंपनीचं कपलर, म्हणजे बल्बला लागणारा वायरीचा प्लग, न कापता बाजूला बांधून ठेवलं असेल तर त्यातच हॅलोजन परत लावा. बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या, कारण घर ते बेलापूर स्टेशन एवढ्या फेरीत उतरलेली बॅटरी भरत नाही, आणि अर्धवट बॅटरीवर केलेली कुठलीही चाचणी खोटं बोलते. मग तीन-चार दिवस गाडी नेहमीसारखी वापरा. तक्रारी गेल्या तर नवा अल्टरनेटर विकत घ्यायचं कारणच उरत नाही. कपलर कापलेलं असेल तर मात्र मीटर हातात घ्यावा लागेल. साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो, तो पुरतो.

आता इंडिकेटरची गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. डाव्या इंडिकेटरला डावाच लाइट उत्तर देतो, म्हणजे दोघांचा अर्थ (अर्थिंग, करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो तो जोड) एकाच ठिकाणी आहे आणि ती जागा खराब आहे. इंडिकेटरचा एकेक बल्ब २१ वॅटचा, म्हणजे जवळपास पावणेदोन अँपिअर. तो करंट खराब अर्थमधून दर टिकटिकीला जाऊ लागला की शेजारच्या हेडलाइटचा व्होल्टेज खाली येतो. हॅलोजनची तार गरम असते, ती एवढ्याने जरा मंद होते आणि आपल्या लक्षातही येत नाही. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट पुरवणारं छोटं सर्किट, तसा नसतो. तो बहुतेक वेळा ठरावीक वॅट खेचत राहतो, त्यामुळे व्होल्टेज पडला की करंट वाढवतो. करंट वाढला की खराब जोडावर व्होल्टेज आणखी पडतो आणि शेवटी ड्रायव्हर बंद होतो. बंद झाला की व्होल्टेज परत वर येतो आणि ड्रायव्हर परत चालू होतो. तुम्हाला फडफड दिसते ती ही. लोक बल्ब बदलून आणतात, दुसरा संच आणतात, आणि तो त्याच जोडावर तसाच फडफडतो.

मोजायचं असं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब डाव्या बल्बच्या अर्थच्या वायरवर, कपलरच्या मागून, लाइट चालू असताना. चांगल्या अर्थला ०.१ व्होल्टच्या आसपास दिसतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला आणि इंडिकेटरबरोबर आकडा उड्या मारू लागला, तर दुखणं सापडलं. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या सप्लायपर्यंत मोजा, तिथेही अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये.

मग त्या जागेची टेप सोडवा. मध्ये घोडबंदर रोडवरची एक गाडी आली होती. डाव्या हेडलाइटमागची काळी टेप काढली तर गोंद पातळ होऊन चिकचिक झालेला, आत दोन वायरी नुसत्या पिळून ठेवलेल्या, तार हिरवी. इन्सुलेशन बोटभर मागे सोललं, तिथे तार काळी. आणखी बोटभर सोललं तेव्हा कुठे लाल तांबं दिसलं. उघड्या जोडातून पाणी वायरीच्या आत वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. खारघर, नेरूळ, कोलशेत, सगळीकडे खाडी जवळच, त्यामुळे हवाच खारट. अशा जोडावर नवी टेप गुंडाळून काही होत नाही. चांगलं तांबं लागेपर्यंत वायर कापायची, क्रिंप करायची (पकडीने दाबून जोडायची), वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवायची. अर्थचा लग (वायरीच्या टोकाची कडी) बॉडीला लावताना खालचा रंग खरवडायचा. वायर न सोलता नुसती चिमटून जोडणारे ते निळे-लाल क्लिप हेडलाइटपाशी मी तरी ठेवत नाही, ते वायरीचे निम्मे धागे कापतात.

बॅटरी उतरण्याचा हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. गाडी बंद असताना कुठे अर्धा अँपिअर वाहत राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. दोन दिवसांत दोन तृतीयांश बॅटरी रिकामी, मग सेल्फ कुठून घेणार? निरोगी गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आतबाहेर खाते. हे बघायला निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडून टर्मिनल आणि त्या वायरीच्या मधोमध मीटर जोडावा लागतो, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. दारं बंद, चावी घराच्या आत, बोनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून ठेवायचं म्हणजे गाडीला बोनेट लागलंय असं वाटतं. मग अर्धा-पाऊण तास थांबायचं, कारण आतली मॉड्यूलं लगेच झोपत नाहीत. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका आणि हेडलाइट लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा जास्त आला की गाडीच्या फ्यूज बॉक्सला हात लावायच्या आधी किटचा फ्यूज काढा. किट थेट बॅटरीवर असल्याने फ्यूज बॉक्स उपसून काहीच सापडत नाही आणि दिवस जातो. किटसोबत डीआरएलची (दिवसाही चालू राहणाऱ्या लाइटची) पट्टी लावली असेल तर तिच्या डबीवर माझा पहिला संशय. यातल्या काही डब्या बॅटरीचा व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे की नाही ते ठरवतात, म्हणजे त्या कायम जाग्या. आणि रात्री गाडी लॉक केल्यावर एकदा लांबून बघा. काही गाड्यांचा बीसीएम, म्हणजे लाइट सांभाळणारं मॉड्यूल, बल्ब शाबूत आहे का हे बघायला बंद लाइटलाही बारीक झटके देतो. हॅलोजनला ते कळत नाहीत, एलईडी मात्र अंधारात काजव्यासारखा लुकलुकतो.

एफएमची खरखर ड्रायव्हरच्या स्विचिंगमुळे. इंजिन बंद, इग्निशन चालू, कमकुवत स्टेशन लावा, लाइट लावून-बंद करून बघा, मग एकेका बल्बचं कपलर काढा. एक बल्ब काढल्यावर खरखर थांबली तर तो एकच बदला. फेराइटचे मणी लावून थोडा फरक पडतो, पण ज्या ड्रायव्हरमध्ये फिल्टरच घातलेला नाही त्याच्यावर फार वेळ घालवू नये.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही: एलईडी बल्बला बहुतेक गाड्यांत रिले किट लागतच नाही. हॅलोजन एच४ डिपरला ५५ वॅट खातो, तुमचा एलईडी पंचवीस-तीस. कंपनीची वायर त्याला पुरून उरते. रिलेची गरज १००/९० वॅटच्या हॅलोजनला. तिथे करंट इतका वाढतो की प्लॅस्टिकचं होल्डर पिवळं पडून वितळतं आणि त्या वासानेच मी बोनेट उघडायच्या आधी ओळखतो. तिथेही फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालायचा नसतो, फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी आहे. तुम्ही किट पूर्ण काढा, बल्ब थेट कंपनीच्या कपलरवर लावा. त्यावर डॅशबोर्डवर बल्बची वॉर्निंग आली किंवा लाइट लुकलुकला तरच डीकोडर (गाडीला हॅलोजनच लावलाय असं भासवणारी डबी) लावा. त्याऐवजी लोड रेझिस्टर (तेवढ्यासाठीच जादा करंट खाणारा तुकडा) लावलाच तर पत्र्यावर स्क्रूने बसवा. ६ ओहमचा रेझिस्टर जवळपास ३० वॅट उष्णता बाहेर टाकतो, वायरीच्या गठ्ठ्याला टायने बांधला की वायरीच भाजतो.

एलईडी कशाला हवा होता, हेही स्वतःला विचारा. उजेड कमी वाटत होता ना? हॅलोजनला मिळणारा व्होल्टेज १० टक्के घटला तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. जोड आणि अर्थ साफ केले, पिवळी पडलेली काच पॉलिश केली, तर साध्या हॅलोजनवर बऱ्याच जणांचं भागतं. शिवाय हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की उजेड भलतीकडे फेकला जातो, गायमुखच्या चढावर समोरच्याच्या डोळ्यांत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, त्यामुळे वॉरंटी किंवा क्लेमच्या वेळी किट बोनेटखाली दिसलं तर वाद तुमच्या अंगावर येतो.

राहिला अल्टरनेटर. किट काढून झाल्यावर इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डीफॉगर, सगळं चालू करून रेस थोडी वाढवा. तरी १३.२ च्या वर टिकला तर अल्टरनेटर ठीक आहे. नव्या काही गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केलं जातं, तिथे एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नका. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी मात्र बदलावी लागेल, कारण पुन्हा पुन्हा पूर्ण उतरल्याने ती खरोखरच मरते.