बटाट्याचा रस आणि सपाट आलेख

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. एन्झाइम वाढवलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, हे प्रोजेक्टमध्ये दाखवायचंय. पाच परीक्षानळ्यांत 1 ते 5 मिली बटाट्याचा रस घेतला (त्यात कॅटालेज हे एन्झाइम असतं), प्रत्येकीत 5 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं आणि पाच मिनिटांनी फेस मोजला. 3 मिलीनंतर फेस जवळपास सारखाच! सर, एन्झाइम संपलं का?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : एन्झाइम नाही गं, पेरॉक्साइड संपलं. बाटलीवर ‘20 व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ 1 मिलीतून साधारण 20 मिली ऑक्सिजन. म्हणजे तुझ्या 5 मिलीतून फार तर 100 मिली, मग रस कितीही ओत. पाच मिनिटांनी तू वेग नाही, उरकलेलं काम मोजलंस. शिवाय रस वाढला तसं पेरॉक्साइड पातळही होत गेलं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या.

फेसाचा नाद सोड. पंचिंग मशीनने फिल्टर पेपरच्या चकत्या पाड. बटाटा किसून थंड पाण्यात मिसळ आणि गाळून घे, रस बर्फात ठेव. त्याचे 100, 80, 60, 40, 20 टक्के असे द्राव कर. चकती चिमट्याने रसात बुडव, जास्तीचा थेंब झटक आणि सारख्या उंचीच्या पेरॉक्साइडमध्ये तळाशी सोड. रसातलं कॅटालेज पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, बुडबुडे चकतीला चिकटतात आणि ती अलगद वर येते. तेवढे सेकंद मोज. वेग म्हणजे 1000 भागिले सेकंद : 20 सेकंद लागले तर 50, 40 लागले तर 25. प्रत्येक द्रावासाठी तीन चकत्या आणि ताजं पेरॉक्साइड. उकळून गार केलेल्या रसाचीही एक चकती टाक, उकळल्याने एन्झाइम निकामी होतं, म्हणून ती तळाशीच बसायला हवी. सर्वांत दाट रसात चकती दोन-तीन सेकंदांतच वर आली, तर स्टॉपवॉचवरच्या तुझ्या बोटाचीच चूक मोजली जाईल. मूळ रसच निम्मा पातळ करून सुरुवात कर.

आता नागपूरची अडचण. एप्रिलात सकाळी 20 टक्के आणि दुपारी 100 टक्के केलंस, तर आलेख उन्हाचा निघेल. सगळ्या नळ्या माठातल्या पाण्याच्या टबात ठेव, थर्मामीटर त्यातच. आणि 100 पासून ओळीने उतरू नकोस, क्रम मिसळ. रसही वेळ जाता शिळा होतो.

आमच्या वर्गात एकदा पेरॉक्साइडची बाटली झाकण सैल ठेवून खिडकीत राहिली. दुपारभर एक बुडबुडा नाही. पोरं बटाट्याला शिव्या देत होती, मीही त्यांच्यात. पेरॉक्साइड कधीच पाणी होऊन बसलं होतं! तेव्हा बाटली अंधारात, गार जागी ठेव आणि हातमोजे घाल, नाहीतर बोटं पांढरी पडून चुरचुरतात.

ग्राफ पुन्हा सपाट आला तर लिही. आकडे मात्र सगळे पाठव, चुकले वाटतात तेही.