ताप नव्हता, पण थर्मामीटर बाजूला ठेवायची नाही

लॉकडाऊनमध्ये फोनवर समुपदेशन करताना पंचेचाळीस-पन्नासच्या बायकांचा एक प्रश्न सारखा यायचा, मॅडम अंग एकदम तापतं, हा कोविड का? त्यातल्याच एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

जून 2020. वय 49. फोनवर पहिलं वाक्य, "मला झालाय पण कोणी मानतच नाहीये." अकरा दिवस बेडरूममध्ये वेगळ्या राहत होत्या, जेवण दाराबाहेर. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर टेम्परेचर लिहिलेलं, रात्री दोनला, साडेतीनला, पहाटे पाचला. मी वाचून दाखवा म्हटलं. 98.2, 98.4, 98.4, 98... पूर्ण पान वाचलं, एकदाही 99 च्या वर नाही! ऑक्सिमीटर पण 98. खोकला नाही, वास येतोय.

मी विचारलं, पाळी कधी आली होती? जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग, "फेब्रुवारीनंतर नाही, पण ते आत्ता कुठं काढता?"

तेच तर काढायचं होतं. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन खालीवर होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उगाच भडकतं, छातीतून वाफ निघाल्यासारखी मान-चेहऱ्यापर्यंत चढते, धडधडतं, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. सगळं काही मिनिटांत संपतं. ताप असा येऊन पळत नाही आणि तो थर्मामीटरला दिसतो. अर्थात फोनवरून निदान करणं माझं काम नाही, म्हणून फॅमिली डॉक्टरांना फोन करायला लावला, त्यांनी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं.

पण खरी गोष्ट पुढच्या कॉलला निघाली. मार्चपासून कामाच्या बाई बंद, पाच माणसांचं तिन्हीत्रिकाळ रांधणं, मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहून पोळ्या, सकाळचं मैत्रिणींबरोबरचं चालणं बंद, टीव्हीवर दिवसभर आकडे, झोप नाही म्हणून चहा वाढलेला. म्हणाल्या, "खरं सांगू, त्या अकरा दिवसांत कोणी दार वाजवून चहा मागितला नाही हो." कोविड म्हटलं की घर गप ऐकतं. पाळी म्हटलं की "वयाप्रमाणे होतंच" (हे बोलणाऱ्या बऱ्याचदा सासू किंवा आईच असतात, पुरुषांना एकट्याला का झोडा). त्यांना खोटं बोलायचं नव्हतंच, अंगावर काढायची इतकी सवय की आपल्या त्रासाला मोठं नाव लागतं असं वाटायचं.

त्याच काळात दुसऱ्या एकींची पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, आणि परत डाग दिसायला लागले तर दवाखान्यात कोविड आहे म्हणून चार महिने गेल्याच नाहीत. तिथं मात्र मी कडक बोलले. वर्षभर पाळी न येता परत अंगावरून गेलं तर थेंबभर असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, सोनोग्राफी सांगितली तर करायचीच, साथ असो नसो.

आपल्या ताईंबरोबर शेवटचं बोलणं स्पीकरवर झालं, मिस्टर शेजारी. संध्याकाळचा चहा बंद, सुती कपडे, गच्चीवर चालणं, रात्रीचा स्वयंपाक मुलाकडे, एवढं ठरलं. मिस्टरांनी विचारलं, "हे किती दिवस चालणार मॅडम?"

म्हटलं, दिवस नाही हो, काहींना सात-सात वर्षं चालतं.

"बाप रे," म्हणाले, "मग स्वयंपाकघरात फॅन बसवूनच घेतो."


मागून ताई, "मार्चपासून सांगतेय!"