ब्लाऊजचे हूक कोण लावतं?

"मॅडम, त्रास होतोय असं सांगितलं तर डॉक्टर केमो कमी करतील का? आणि कमी केली तर रोग परत येईल का?"

हा प्रश्न पेशंट स्वतः क्वचितच विचारतो. घरचं कुणीतरी विचारतं, तेही केमो देतात त्या डे-केअर वॉर्डच्या दाराबाहेर मला गाठून, आवाज खाली आणून. उत्तर देताना मला दरवेळी एक मावशी आठवतात. ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललंय. हात मात्र त्यांचेच ठेवलेत.

मावशी मुंबईच्या एका कोळीवाड्यातल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उभा जन्म मासळीबाजारात गेलेला. मोठ्या आतड्यातली गाठ ऑपरेशन करून काढली, तेव्हा आजूबाजूच्या पाच लसिका ग्रंथींतही रोग सापडला होता. म्हणून ऑपरेशननंतर केमो. दर २१ दिवसांनी शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन, जोडीला १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. २१ दिवसांची ही एक खेप म्हणजे एक सायकल. अशा आठ सायकल, म्हणजे साधारण सहा महिने, ठरल्या होत्या.

पाचव्या सायकलच्या दिवशी त्यांची सून मला जिन्यात भेटली. म्हणाली, "सासूबाई हल्ली सुट्टे पैसे मोजत नाहीत. पिशवी माझ्याकडे देतात. परवा सुरमई कापताना बोट कापलं, तर त्यांना कळलंच नाही. रक्त मीच पाहिलं. डॉक्टरांना सांगू नकोस, अशी शपथ घातलीये मला."

मी आत गेले. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. सिस्टरांनी नेहमीचं विचारलं, "काही त्रास?" मावशी नेहमीचं बोलल्या, "काय नाय. सगला बेस हाय."

चार सायकल मीही त्यांना हेच विचारलं होतं आणि हेच उत्तर लिहून घेतलं होतं. त्याची खंत मला अजून आहे.

थोडं औषधाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूच्या संयुगापासून तयार केलेलं औषध आहे आणि ते नसांना त्रास देतं. हा त्रास दोन तऱ्हांचा असतो. पहिला थंडीचा. सलाईन लागल्यापासून पुढचे काही दिवस गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो, जबडा आखडतो. तो बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. दुसरा साठत जाणारा. सायकलमागून सायकल औषध अंगात मुरत जातं तशी बोटांची आणि तळव्यांची जाणीव कमी होत जाते. मग दोन सायकलींच्या मधल्या दिवसांतही ती पुरती परत येत नाही. डॉक्टरांना लवकर कळायला हवा तो हा दुसरा.

आता ज्या बाईचं सगळं काम बर्फाच्या भुग्यात, तिला हे औषध म्हणजे काय, याचा विचार करा. पहिल्या सायकलनंतर फ्रीज उघडू नका, कोमट पाणी प्या, गार फरशीवर अनवाणी चालू नका, हे सगळं त्यांना सांगितलं होतं. पण "बर्फात हात घालू नका" असं कुणी वेगळं म्हटलं नव्हतं. तुमचा धंदा काय, हे केस पेपरवर लिहिलेलं असतं. ते वाचून पुढचं बोलायला हवं होतं. त्यातच शेजारच्या खाटेवरच्या एका बाईंनी "तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळा" असा सल्ला दिला. दुसऱ्या काही केमोंमध्ये तो सल्ला खरोखर देतात. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असताना मात्र बर्फ चघळणं चुकीचं. मावशींनी चघळला, घसा बंद झाल्यासारखं वाटलं, रात्रभर घाबरून बसून राहिल्या आणि सकाळी कुणालाही काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. टेबलावर एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी ठेवली.

"मावशी, डोळे मिटा. यातला एक रुपया उचलून द्या."

आयुष्यभर अंधारात, पहाटे चारला, ओल्या हातांनी नाणी ओळखलेली बाई. बोटं नाण्यांवरून फिरत राहिली. एक नाणं टेबलाच्या कडेवरून खाली पडलं, ते त्यांना आवाजानं कळलं, बोटांना नाही. त्यांनी डोळे उघडले आणि हात परत पदराखाली घेतले.

"बाय, तू सांगशील आता."

"नाही. तुम्ही सांगाल. मी शेजारी उभी राहीन."

मग कारण बाहेर आलं. त्यांच्या आळीतल्या एकाची केमो मध्येच थांबवली होती आणि वर्षाच्या आत तो गेला. त्याला काय झालं होतं, कितव्या टप्प्याचा रोग होता, कुणालाच नीट माहीत नव्हतं. आळीत एवढंच राहिलं की औषधाचा जोर कमी केला आणि माणूस गेला. मावशींनी ठरवलं होतं, हात गेले तरी चालतील, आठच्या आठ घ्यायच्या.

या भीतीला मी वेडी म्हणणार नाही. जीव वाचवण्यासाठी माणूस हात द्यायला तयार होतो, यात चुकीचं काय? पण इथे सौदा तसा नसतो, हे तिला कुणीतरी समजावायला हवं. औषधाचा डोस माणसाच्या उंची-वजनावरून काढतात आणि तो दर सायकलला पुन्हा तपासतात. रक्ताचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, उतरले तर सायकल आठवडाभर पुढे ढकलतात. नसांचा त्रास वाढला तर डोस ठरलेल्या पायरीने खाली आणतात, किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून जोडीचं औषध पुढे चालू ठेवतात. हे सगळं हे औषध देण्याच्या रीतीतच लिहिलेलं आहे. डोस कमी करणं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ होत नाही.

यावर मोठा अभ्यासही झालाय. तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मावशींसारखा जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या, आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो तीन महिने पुरते की सहा महिने लागते, हे पाहण्यासाठी सहा चाचण्यांमधल्या १२,८३४ पेशंटची माहिती एकत्र केली गेली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांच्यात रोग परतण्याचा धोका कमी होता, त्यांच्यात, विशेषतः मावशींना चालू होती त्याच दोन औषधांच्या जोडीवर, तीन महिन्यांचा निकाल सहा महिन्यांच्या जवळपास तोडीस तोड निघाला. आणि नसांचा मध्यम ते तीव्र त्रास? सहा महिने घेणाऱ्यांत शंभरात पंचेचाळीसच्या आसपास, तीन महिने घेणाऱ्यांत पंधराच्या आसपास. मावशींचा धोका जास्त गटातला होता, म्हणून त्यांना आठ सायकल लिहिल्या होत्या. तेव्हा "तीन महिनेच पुरे" असं मी त्यांना म्हणू शकत नव्हते आणि म्हटलंही नाही. कुणाला किती, हे त्या त्या माणसाचा रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरच ठरवणार. पण ठरवायला त्यांना खरी माहिती मिळायला हवी ना? "सगळं बेस" यावरून ते काय ठरवणार?

आकड्यांचा मावशींवर फारसा परिणाम झाला नाही. त्या हलल्या त्या बोटावरच्या जखमेनं. मी त्यांना विचारलं, "पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना मासळीचा काटा घुसला, तुम्हाला कळलंच नाही, आत पू झाला, ताप भरला, तर?" केमोच्या काळात १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही, ताप दबतो आणि जंतू आत वाढत राहतात. हे त्यांना पाठ होतं. पण जाणीव गेलेलं बोट आणि हा ताप यांचा धागा त्यांनी जोडला नव्हता.

मग त्यांनी पिशवीतून एक स्ट्रिप काढली. मेडिकलवाल्यानं दिलेली "नसांची गोळी", मुंग्यांवर. पाठीमागे बारीक अक्षरात फॉलिक ॲसिड लिहिलेलं होतं. कॅपेसिटाबिन चालू असताना फॉलिक ॲसिड घेतलं तर कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढतात, जुलाब आणि तोंड येणं बळावतं. आणि ऑक्सॅलिप्लॅटिनचा बधिरपणा टाळणारी अशी कुठलीही व्हिटॅमिनची गोळी सिद्ध झालेली नाही. इतकी साधी दिसणारी गोळी, पण डॉक्टरांना न दाखवता घ्यायची नाही. हे मी आता प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते.

डॉक्टरांनी त्या दिवशी सलाईन लावलं नाही. बोटाची जखम पाहिली, काउंट तपासले, हूक-बटणं लावायला सांगितलं, तळव्यांना स्पर्श करून पाहिला. आठवड्यानंतर ऑक्सॅलिप्लॅटिन बंद केलं आणि गोळ्या पुढे चालू ठेवल्या. मावशी रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "मंग हात परत येतील?"

इथे मी खोटा धीर देत नाही. बहुतेकांचा बधिरपणा महिन्यांच्या हिशोबानं कमी होतो. काहींच्या पायांत तो थोडा उरतो. आणि एक गोष्ट आधी सांगितली नाही तर माणूस हादरतो: औषध बंद केल्यावरही दोन-तीन महिने मुंग्या वाढू शकतात, मग उतरतात. दुखायला लागलं तर ड्युलोक्सेटिन नावाचं औषध डॉक्टर देऊ शकतात, म्हणून दुखणंही सांगायचं. तोवर घरात चप्पल, कोयत्याचं काम सुनेकडे, आंघोळीचं पाणी कोपरानं तपासायचं, कारण बोटांना भाजलेलंही कळत नाही.

माझं मात्र विचारणं बदललं. "काही त्रास?" हा प्रश्न मी सोडून दिला. आता विचारते, ब्लाऊजचे हूक कोण लावतं? शर्टाचं वरचं बटण? भाजी निवडता येते का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? मागच्या खेपेला मुंग्या किती दिवस राहिल्या? सलाईन चालू असताना सुईच्या जागी जळजळ, सूज, अंगावर पुरळ, छातीत आवळल्यासारखं, यातलं काहीही वाटलं तर बाटली संपायची वाट न बघता सिस्टरला हाक मारायची, हेही तेव्हाच सांगते. कारण या औषधाची ॲलर्जी पहिल्या चार-पाच खेपा सुरळीत गेल्यावरही उठू शकते. आणि जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले, तर पुढची गोळी न घेता फोन.

दोन महिन्यांनी मावशींचा फोन आला. मागे बाजाराचा गोंगाट होता.

"बाय, पायातल्या मुंग्या रातच्या वाढल्या. तू बोललेलीस वाढतील, तरी सांगतंय."

"बरं केलंत मावशी. दुखतंय का, की नुसत्या मुंग्या?"

"दुखत नाय. चप्पल हाय पायात." मग जरा थांबून, "पैसे अजून सूनच मोजते."