गोव्यातल्या खेड्यात सरकार घरात फार लुडबुड करतं का? कुटुंबाचं स्वातंत्र्य उरतं का?

तुम्ही लिहिलंय की पत्नीच्या माहेरी, पेडणे तालुक्यात, कायमचं राहायला जायचं चाललंय, पण गोव्यात लग्नापासून वाटणीपर्यंत सगळ्यात सरकार असतं असं ऐकून मन कचरतंय. मी त्याच तालुक्यात वाढले, म्हणून आमच्या घराचंच सांगते.

घर माझ्या आजोबांनी बांधलेलं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, म्हणून आम्ही मुंडकार. कौलं परतायची असली तरी आजोबा आधी भाटकाराच्या सोप्यावर, घरापुढच्या ओसरीवर, जाऊन उभे राहायचे. 'बस' म्हटल्याशिवाय बसायचं नाही. नारळांचं पाडप असलं की आमची दोन माणसं तिकडे राबायला, मजुरीचं नाव काढायचं नाही. थोरल्या काकांच्या लग्नाची तारीखसुद्धा भाटकाराच्या घरचं कार्य बघून धरली होती, असं आजी सांगायची. त्या काळी आमच्या उंबऱ्याच्या आत सरकार कधी आलं नव्हतं. तरी आजोबांना आपल्या घरात आपल्या मनाने एक वासा बदलता येत नव्हता.

1975 मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार कायदा झाला. मुंडकाराला घराबाहेर काढता येणार नाही, घराची दुरुस्ती तो करू शकतो, आणि पंचायतीच्या हद्दीत घरासकट निदान 300 चौरस मीटर जागा विकत घेण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी मामलेदाराकडे आधी मुंडकार म्हणून नोंद करायची, मग खरेदीचा अर्ज. आमच्याकडे या खेपा वर्षानुवर्षं चालल्या. नोंदीचा कागद हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी पडवीची कौलं उतरवून परत घातली. पडवी गळत नव्हती. कुणाला न विचारता एकदा हात लावायचा होता, एवढंच.

सरकारने घरात कसं यावं, याचं माझं माप ते आहे.

पैशाच्या योजनांचं मात्र मला इतकं सरळ बोलता येत नाही. आईला गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात, आजीला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे 2,000 मिळायचे. आईच्या नावावर पहिल्यांदा पैसा आला तो असा. त्यातून तिने आधी चष्मा केला. तीन वर्षं ती डोळे बारीक करून तांदूळ निवडत होती, पण बाबांकडे मागितलं नव्हतं. त्या पैशाला कुणी भीक म्हटलं तर मला राग येतो. पण एका निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्याचा माणूस अंगणात आला, 'पैसे येतात ना वहिनी?' एवढंच विचारून गेला. आई त्या रात्री नीट जेवली नाही. आजी म्हणाली, सोप्यावर उभं राहायचे दिवस परत आले. आजोबांच्या कागदाबद्दल असं विचारायला कधी कोणी आलं नाही.

आता लग्न आणि वाटणी. आमच्याकडे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्याच 2012 च्या कायद्यात आहे. लग्नाच्या आधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची, निम्मी निम्मी. घर-जमीन एकट्याच्या सहीने विकता येत नाही. आईबापांना मृत्युपत्रात फक्त निम्म्या मालमत्तेचं हवं ते करता येतं, उरलेलं निम्मं मुलांचं, मुलगा-मुलगी सारखीच. तुमच्या लग्नाची नोंदणी कुठे झाली, यावर तुम्हाला यातलं किती लागू होईल ते ठरतं. जागा घेण्याआधी इथल्या वकिलाला दाखवाच.

आजोबांच्या पश्चात घर वारसांच्या नावावर करायचं होतं. काका, बाबा, आत्या, शिवाय प्रत्येकाचा जोडीदार, सगळ्यांच्या सह्या लागतात. आत्यापुढे सोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, ठेवला. बहिणीने सही करावी आणि चहा घेऊन जावं, हीच आमच्या वाड्यावरची रीत. तिने पेन खाली ठेवलं. बाबा दीड वर्ष तिच्याशी बोलले नाहीत. कायद्याने भावंडांत वीख कालवलं, असं ते म्हणायचे, आणि मीही तेव्हा त्यांच्याच बाजूने होते. त्याचं आज मला वाईट वाटतं. वीख कायद्याने कालवलं नव्हतं. तिचा वाटा तिचा आहे हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं, आणि ती मागणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नात मी एक घालीन: घराचं स्वातंत्र्य म्हणताना घरातल्या कुणाचं? तुमच्या पत्नीला भाऊ असतील, तर हे तिच्याशी आत्ताच बोला, माहेरी बिऱ्हाड मांडण्याआधी.

आत्या आता चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येते. पूर्वी पाहुणी म्हणून यायची, माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या बांधतात त्या चौकटीला, काही बांधायचं तर आईला विचारायची. गेल्या वर्षी ती सकाळी मागच्या दाराने घोसाळी घेऊन आत आली. कुठून आणलीस, आईने विचारलं.

"आपल्याच परसातली," ती म्हणाली. "जूनमध्ये लावून गेले होते."