पेप्टाइडे आणि मेंदूतील स्राव : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : ग्लुटामेटसारखे न्यूरोट्रान्समीटर (चेतापेशींमध्ये संदेश वाहणारी छोटी रसायने) आणि एन्केफॅलिनसारखी न्यूरोपेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या) ही दोन्ही चेतापेशीतूनच स्रवतात. मग त्यांना वेगळे का मानतात?

उत्तर : त्यांची वागणूक निराळी आहे म्हणून. ग्लुटामेट अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूच्या, टोकाशीच सुमारे ४० नॅनोमीटरच्या पुटिकांत (सूक्ष्म पिशव्यांत) भरले जाते, एकाच विद्युत्स्पंदाने बाहेर पडू शकते आणि लगेच परत उचलले जाते. पेप्टाइड मात्र पेशीकायेत घडते, सुमारे १०० नॅनोमीटरच्या पुटिकांतून टोकापर्यंत येते, बहुधा लागोपाठच्या स्पंदांनंतरच स्रवते आणि विकरे (एन्झाइम) त्याचे तुकडे करेपर्यंत आसपास पसरत राहते.

प्रश्न : पेप्टाइडचा रिसेप्टर (ते रसायन ओळखून धरणारे पेशीवरचे प्रथिन) दुसऱ्याच रसायनाचा स्राव कमी कसा करतो?

उत्तर : एन्केफॅलिन आणि मॉर्फिन या दोहोंना प्रतिसाद देणारा म्यू रिसेप्टर घेऊ. त्वचेकडून वेदनेची वर्दी आणणारे बारीक तंतू मज्जारज्जूच्या मागील भागात संपतात आणि हा रिसेप्टर त्या तंतूंच्या टोकांवरच असतो. एरवी स्पंद टोकाशी पोहोचला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आत शिरलेल्या कॅल्शियममुळे पुटिका पेशीच्या पटलाशी एकरूप होतात आणि ग्लुटामेट बाहेर पडते. रिसेप्टर कार्यरत झाल्यावर आतल्या बाजूचे जी-प्रथिन (रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणारे प्रथिन) दुभंगते आणि त्याचा बीटा-गॅमा भाग टोकावरच्या ‘एन’ नावाच्या प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांना चिकटतो, त्यामुळे त्या सहजासहजी उघडत नाहीत. कॅल्शियममधली ही घट लहान वाटली तरी परिणाम मोठा होतो. डॉज आणि रहामिमोफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर दाखवल्याप्रमाणे स्राव कॅल्शियमच्या जवळपास चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे या हिशेबाने कॅल्शियम निम्मे झाले तर स्राव सोळाव्या हिश्श्यावर येतो. काही ठिकाणी हाच बीटा-गॅमा भाग स्नॅप-२५ या प्रथिनालाही धरतो आणि पुटिका व पटल यांचे मीलनच अडवतो. जोरदार स्पंदांचा मारा झाला की वाहिन्यांवरची पकड काही अंशी सुटते, आणि मला या यंत्रणेतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सगळेच पेप्टाइड-रिसेप्टर रोखणारे नसतात. ओरेक्सिन या न्यूरोपेप्टाइडचे रिसेप्टर कित्येक ठिकाणी ग्लुटामेटचा स्राव वाढवतात.

प्रश्न : म्यू रिसेप्टर रोखणारा असेल, तर मॉर्फिनने डोपामिन वाढते कसे?

उत्तर : मध्यमेंदूतील डोपामिन पेशींवर गॅबा हा शमन करणारा न्यूरोट्रान्समीटर स्रवणाऱ्या पेशींचा लगाम असतो. म्यू रिसेप्टर या गॅबा पेशींवर असल्याने त्यांचा स्राव घटतो आणि लगाम सैल होतो. याउलट डायनॉर्फिन या दुसऱ्या पेप्टाइडचा कॅपा रिसेप्टर थेट डोपामिनच्या टोकांवर असतो, त्यामुळे तिथे डोपामिन कमी होते. एखाद्या पेप्टाइडला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. त्याचा रिसेप्टर कोणत्या पेशीच्या कोणत्या भागावर आहे, हे सांगितल्याखेरीज त्या विधानाला अर्थ नाही.

प्रश्न : मग रिसेप्टर टाळून वाहिन्याच बंद करणारे औषध का देत नाहीत?

उत्तर : असे औषध आहे. सागरी शंखातील गोगलगायीच्या विषावर बेतलेल्या झिकोनोटाइडला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते एन-प्रकारच्या वाहिन्या अडवते आणि मॉर्फिनसारखे श्वसन मंदावत नाही. मात्र त्याने गोंधळ आणि भ्रम होऊ शकतात. शिवाय ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातच पंपाने सोडावे लागते, कारण रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या तंतूंमधील नॉरअॅड्रेनॅलिनचा स्रावही याच वाहिन्यांवर अवलंबून असल्याने, ते शिरेतून दिल्यास रक्तदाब घसरतो.